एका वजाबाकीची कुळकथा

१८६३ साली वेल्समधल्या डौलेस लोखंड कंपनीपुढे चमत्कारिक पेच उभा राहिला. मंदीतून कंपनी सावरली होती, वह्या नफा दाखवत होत्या, नवी झोतभट्टी बांधायची होती. आणि बांधायला रोकड नव्हती. नफा झाला तर पैसा गेला कुठे, याचा खुलासा करणे व्यवस्थापकाला भाग होते. त्याने एक नवेच पत्रक तयार केले आणि त्याला तुलनात्मक ताळेबंद म्हटले. त्या मांडणीत पैशाचा ठावठिकाणा लागला. तो मालाच्या साठ्यात अडकून पडला होता.

कंपनीचा भांडवली खर्च तिच्या धंद्यातून आलेल्या रोकडीशी ताडून पाहायचा, या रिवाजाचा मूळपुरुष शोधायचा तर मी डौलेसपाशी थांबतो. आज शेअर बाजारात ही तुलना सर्रास चालते. वर्षभरात धंद्याने किती रोकड आणली, त्यातली किती जमीन, इमारती आणि यंत्रांत गेली, आणि वजा जाता काय उरले? उरते त्याला फ्री कॅश फ्लो म्हणतात. वजाबाकी तिसरीतल्या मुलाला जमेल अशी, पण तिला लागणारे दोन्ही आकडे अधिकृतपणे एका पानावर यायला सव्वाशे वर्षे लागली.

भांडवली खर्च वेगळा काढण्याची शिस्त रेल्वेची. ब्रिटिश रेल्वे कंपन्या भांडवली खाते आणि महसुली खाते निरनिराळे मांडत. १८६८ च्या कायद्याने त्या हिशेबांचा साचा ठरवून दिला. आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची तऱ्हा मात्र वेगळी. तिच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कमाई कमी पडली की तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. मग खर्च कमाईशी ताडून पाहण्याची निकड लंडनच्या भागधारकांना कशाला वाटेल?

पुढचा धागा अमेरिकेत सापडतो. १९०८ साली विल्यम मोर्स कोल यांनी हिशेबावरच्या आपल्या पुस्तकात पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे दाखवणारे पत्रक मांडले. कल्पना सरळ होती. पुढच्या पिढीतल्या हिशेबतज्ज्ञांनी तिचे ‘निधी पत्रक’ केले, आणि निधी म्हणजे रोकड नव्हे तर खेळते भांडवल, असा प्रघात पडला. खेळत्या भांडवलात गोदामातला मालही येतो आणि गिऱ्हाइकांकडची उधारीही. म्हणजे डौलेसला ज्या साठ्याने गोत्यात आणले, तोच आता निधी म्हणून मिरवू लागला! १९७१ पासून अमेरिकेत असे पत्रक सक्तीचे झाले, आणि बहुतेक कंपन्यांनी ते खेळत्या भांडवलावरच बेतले.

त्याची किंमत डब्ल्यू. टी. ग्रँट या दुकानसाखळीच्या भागधारकांनी मोजली. १९०६ साली निघालेल्या या कंपनीची सत्तरच्या दशकात बाराशेच्या आसपास दुकाने होती. १९७३ मध्ये तिचा शेअर मिळकतीच्या जवळपास वीसपट भावाने विकला जात होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती एकामागून एक दुकाने उघडत होती आणि सढळ हाताने हप्त्यावर माल देत होती. उधारीवर विकलेला माल नफ्यात लगेच धरला जातो, रोकड यायची तेव्हा येते. १९८० साली लार्गे आणि स्टिकनी या दोन प्राध्यापकांनी जुनी पत्रके पुन्हा उकलून दाखवली. नफा आणि ‘निधी’ ठाकठीक दिसत असताना धंद्यातली रोकड बहुतेक वर्षे उणे होती. पसारा वाढत होता तो कर्जावर.

नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेच्या लेखामानक मंडळाने ९५ क्रमांकाचे मानक काढले. पत्रक आता रोकडीचेच, आणि तीन कप्प्यांचे: धंदा, गुंतवणूक, वित्तपुरवठा. पहिल्या कप्प्याची बेरीज आणि दुसऱ्यातला यंत्रसामग्रीचा खर्च अखेर एका पानावर आले. आदल्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेन्सन यांनी एका निबंधात बजावले होते, की उरलेली रोकडही व्यवस्थापकांच्या हातात धड राहत नाही. तेल कंपन्यांनी ती तोट्याच्या उत्खननात कशी ओतली, हे त्यांचे उदाहरण. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९८६ च्या वार्षिक पत्रात मिळकतीतून सगळा भांडवली खर्च वजा न करता, धंदा आहे तिथे टिकवायला लागेल तेवढाच वजा केला. तो आकडा अंदाजानेच घ्यावा लागतो, हेही त्यांनी सांगून टाकले. वाढीचा खर्च किती आणि टिकण्याचा किती, ही फोड करून देण्याची सक्ती आजही कंपन्यांवर नाही.

या वजाबाकीचा खरा कस मात्र वर्ल्डकॉम या अमेरिकी टेलिफोन कंपनीने पाहिला. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या वाहिन्या वापरण्याचे भाडे हा चालू खर्च; वर्ल्डकॉमने तो भांडवली खर्चात ढकलला. अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘प्रीपेड कपॅसिटी’ नावाच्या नोंदी सापडल्या. ही भानगड नेमकी काय, हे कोणाला धड सांगता येईना. २५ जून २००२ रोजी ३.८ अब्ज डॉलरची लबाडी जाहीर झाली, महिन्याच्या आत कंपनी दिवाळखोरीत.

आता गंमत पाहा. धंद्याची रोकड ६०० आणि भांडवली खर्च ३०० धरू. चालू खर्चातले १०० भांडवलात ढकलले की आकडे होतात ७०० आणि ४००. नफा फुगला, धंद्याची रोकडही फुगली. उरले मात्र तेच ३००. भागाकार केलात तर दुप्पट होते ते पावणेदोनपट होते, म्हणजे गुणोत्तर हलते खरे, पण एवढ्या हलण्यातून लबाडी कळायची नाही. म्हणून मला गुणोत्तरापेक्षा वजाबाकी भरवशाची वाटते. ही लबाडी तिथे पचत नाही, एवढेच; बाकीच्या पचतात.

भारतात १९९७ च्या सुधारित लेखामानक ३ ने हे पत्रक रोकडीवर आणले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ते वित्तीय विवरणांचा भाग केले. छोट्या आणि एकाच व्यक्तीच्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. वार्षिक अहवालात पहिला कप्पा बहुधा करपूर्व नफ्यापासून सुरू होतो, त्यात घसारा परत मिळवतात, मग येणे, साठा आणि देणे यांची वाढघट, शेवटी भरलेला कर. या बेरजेत दोन खर्च दिसत नाहीत. अमेरिकी पद्धतीत व्याज पहिल्याच कप्प्यात वजा होते. आपल्या इंड-एएस या लेखामानकांमध्ये बँका-वित्तसंस्था सोडून बाकीच्यांनी भरलेले व्याज तिसऱ्यात जाते. आणि एप्रिल २०१९ पासून लांब मुदतीच्या जागाभाड्याची रवानगीही तिसऱ्यातच झाली. मॉलमध्ये भाड्याने दुकाने थाटणाऱ्या कंपन्यांची धंद्यातली रोकड त्या वर्षी एक पैसा जास्त न कमावता वाढली. अशा कंपनीचा भांडवली खर्च ताडायचा तर आधी तिसऱ्या कप्प्यात उतरून व्याजाची आणि भाड्याची ओळ शोधावी लागते, आणि तीही वजा करावी लागते.