भिंती व कडेकपारींतील वनस्पतिसमूह

जुन्या बांधकामांच्या सांध्यांत व उघड्या कातळाच्या भेगांत, कोणी न लावता उगवणाऱ्या आणि तिथेच तग धरणाऱ्या वनस्पतींचा समूह. वनस्पतीच्या लेखी भिंत म्हणजे माणसाने रचलेला कडाच. सह्याद्रीत तर पुष्कळशा गडांचे तट ज्या काळ्या कातळावर उभे आहेत त्याच दगडाचे आहेत, त्यामुळे कड्यावरची झाडे सहज तटावर चढतात. फरक पडतो तो चुन्यामुळे. हंसराजासारखी नेची ओल धरणाऱ्या चुन्याच्या सांध्यात बाहेरच्या खडकापेक्षा जोमाने वाढतात.

इथे माती अशी नसतेच. वाऱ्याने आणलेली धूळ, पाखरांची विष्ठा आणि कुजलेले शेवाळ एवढ्यावर भागवायचे. जून ते सप्टेंबर पाणी झिरपत असते आणि एप्रिल-मेमध्ये त्याच दगडावर हात ठेववत नाही. तेरडा, बेगोनिया, सोनकी या वनस्पती पावसाळ्यातच फुलून बी धरतात व मोकळ्या होतात. मोरशिखा हे वीतभरही उंच नसलेले नेचे मात्र जागा सोडत नाही. त्याच्या दांड्यांच्या टोकांशी पंख्यासारखी चिरलेली पाने असतात. कोरड पडली की ती आक्रसून तपकिरी होतात, मेल्यासारखी दिसतात, आणि पाऊस लागताच उलगडून हिरवी होतात. बारमाही दिसणारा दगडीपाला हा मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. खरचटले की त्याचा पाला चुरगळून लावण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की तो परका आहे हे कोणाला सांगून पटत नाही.

या समूहातली सर्वांत मोलाची वनस्पती शिंदळ माकुडी. निकोल डॅल्झेल यांनी 1860च्या दशकात जुन्नर परिसरातून तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. ती फक्त महाराष्ट्रात, मोजक्या गडांवर व डोंगरकड्यांवर आढळते. खोड मांसल, पाणी साठवणारे. फुले पाच पाकळ्यांची, गडद तांबडी, त्यांवर पिवळे ठिपके. परागणाचे काम माश्या करतात. जवळच्या नात्यातल्या वनस्पती जवळजवळ बिनपानांच्या असताना हिला ठसठशीत पाने येतात, पण कोरड्या ऋतूत तीही गळतात. गुरे व शेळ्या पोचत नाहीत अशा उभ्या कड्यांचा तिला मोठा आधार आहे.

बांधकामाला खरा धोका पिंपळ, वड, उंबर, पायर या मंडळींचा. तांबट, बुलबुल, साळुंकी फळे खातात आणि बी सांध्यात टाकतात. मुळे चुन्यातून आत शिरतात व पुढे जाड होताना चिरे सरकवतात. वरून छाटले तर पुन्हा फुटवे येतात. शिवाय पिंपळावर कुऱ्हाड चालवायला बरेच जण धजत नाहीत. म्हणून रोप कोवळे असतानाच मुळासकट काढणे शहाणपणाचे.

पण वडा-पिंपळाचा न्याय नेच्यांना व शेवाळाला लावून सगळा तट घासून काढणे हा अतिउत्साह झाला. रोममधील कलोसियमच्या अवशेषांवर रिचर्ड डीकिन यांनी 1855 साली 420 जातींची नोंद केली होती. 1870च्या दशकात उत्खननाच्या निमित्ताने ती हिरवळ बव्हंशी काढून टाकण्यात आली. आपल्याकडे सांधे सिमेंटने भरण्याची घाई त्याहून वाईट. सिमेंटमुळे वनस्पतींची जागा जातेच, पण आतली ओलही कोंडते आणि ती दगडाला पोखरते. साफसफाईची वेळही पाहावी लागते. भर पावसाळ्यात गवत काढले तर सोनकी-तेरड्याचे बी पडायच्या आतच झाड जाते आणि उन्हाळ्यात काढले तर पाने गळालेली शिंदळ माकुडी वाळकी काडी समजून उपटली जाऊ शकते. अशा गडांवर हात घालण्याआधी ती ओळखणारा माणूस सोबत हवा.