पिवळा पोथॉस, पिवळे एपिप्रेम्नम

मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो, असे आपल्याकडे म्हणतात. मग शेजाऱ्याच्या कुंपणावरून खुडलेले एखादे पेर पाण्याच्या बाटलीत जाते आणि थोड्याच दिवसांत मुळे धरते. या वेलीचे शास्त्रीय नाव आज असे लिहितात : एपिप्रेम्नम ऑरियम (लिंडेन व आंद्रे) बंटिंग. त्यातला कंस वाचायचा तो सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखा. कंसातल्या दोघांनी मूळ नाव दिले आणि बाहेरच्याने ते दुसऱ्या प्रजातीच्या खात्यावर चढवले. मधले फेरफार मात्र या नावात दिसत नाहीत. त्यासाठी जुने कागद काढावे लागतात.

पहिला कागद १८८० चा, बेल्जियममधल्या गेन्ट शहराचा. ‘लिलुस्त्रास्यों ऑर्तिकोल’ या सचित्र नियतकालिकाच्या २७व्या खंडात झां लिंडेन आणि एदुआर आंद्रे यांनी सॉलोमन बेटांवरून आलेली एक वेल छापली आणि तिला ‘पोथॉस ऑरियस’, म्हणजे सोनेरी पोथॉस, असे नाव दिले. नावाचा आधार होता तो हिरव्या पानांवरच्या पिवळ्या शिंतोड्यांचा. फुलाचे वर्णन त्यात नव्हते, कारण फूल कोणी पाहिलेच नव्हते.

लिंडेन कोण होता हे इथे लक्षात ठेवलेले बरे. तरुणपणी दक्षिण अमेरिकेची जंगले तुडवलेला हा माणूस पुढे रोपांचा मोठा व्यापारी झाला. १८६९ मध्ये त्याने गेन्टमधली फेर्शाफेल्ट यांची रोपवाटिका विकत घेतली आणि तिच्याबरोबर हे नियतकालिकही त्याच्याकडे आले. म्हणजे मनी प्लांटचा जन्मदाखला एका अर्थी दुकानाच्या जाहिरातीतच छापला गेला. त्यात लबाडी होती असे मला म्हणायचे नाही. पण विकाऊ रोप फुलण्याची वाट पाहत व्यापारी बसत नाही, आणि अळूच्या कुलात पानावरून ओळख पटवणे म्हणजे आवाजावरून माणसाचे गाव सांगण्यासारखे आहे.

या वेलीचे पान तर हमखास चकवते. कुंडीत ते तळहाताएवढे आणि बदामाच्या आकाराचे राहते. तीच वेल बागेतल्या नारळावर किंवा आंब्यावर चढली की पान सुपाएवढे होते आणि कडेपासून आत चिरत जाते. ही दोन पाने शेजारी ठेवली तर एकाच वेलीची आहेत यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. झाडावर वाढलेल्या, पण फूल नसलेल्या अशा वेली वाळवून ठेवलेल्या नमुन्यांमध्ये पुढच्या अभ्यासकाला किती घोळात टाकत असतील, याची कल्पना करावी.

दुसरा कागद १९०८ चा. अळूच्या कुलावरचा त्या काळातला सर्वांत मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या आडोल्फ एंग्लर यांनी तिला सिंडॅप्सस प्रजातीत टाकले. आपल्याकडची औषधी गजपिंपळी याच प्रजातीतली. ‘सिंडॅप्सस ऑरियस’ हे नाव पन्नासहून अधिक वर्षे चालले.

मग १९६० नंतर फ्लॉरिडात फूल हाती आले आणि दोन वर्षांत दोन फेरफार झाले. मन्रो बर्डसी यांनी ‘बेलिया’ नियतकालिकात तिला ऱ्हाफिडोफोरा म्हटले, तर जॉर्ज बंटिंग यांनी मिसूरी वनस्पती उद्यानाच्या वार्षिकात एपिप्रेम्नम. दोन्ही अंकांवर छापलेले वर्ष आणि प्रत्यक्ष प्रकाशनाचे वर्ष यांत एकेका वर्षाचा फरक आहे. बर्डसींचा अंक १९६२ चा, निघाला १९६३ मध्ये. बंटिंग यांचा १९६३ चा, निघाला १९६४ मध्ये. पुस्तकापुस्तकांत वर्षे वेगळी दिसतात ती म्हणूनच.

निकाल कशावर लागला? जाडसर कणसावर दाटीने बसलेल्या बारीक फुलांच्या किंजपुटात किती बीजके आहेत, यावर. खऱ्या पोथॉसच्या फुलाला इवल्या पाकळ्यांसारखी परिदले असतात. बाकीच्या तिघांना ती नसतात. सिंडॅप्ससमध्ये बीजक एकच, ऱ्हाफिडोफोरामध्ये पुष्कळ, आणि एपिप्रेम्नममध्ये मोजकीच, ज्यांची मोठी बाकदार बीजे होतात. ऐंशी वर्षांचा वाद भिंगाखालच्या या मोजणीने मिटला. नावाचे लिंग मात्र प्रत्येक घराबरोबर बदलत गेले : पोथॉस आणि सिंडॅप्सस पुल्लिंगी म्हणून ऑरियस, ऱ्हाफिडोफोरा स्त्रीलिंगी म्हणून ऑरिया, एपिप्रेम्नम नपुंसकलिंगी म्हणून ऑरियम. पिवळा, पिवळी, पिवळे करणाऱ्या मराठी माणसाला लॅटिनची ही खोड समजावून सांगावी लागत नाही.

पुढे डॅन निकोल्सन यांनी ही वेगळी जातीच नव्हे, एपिप्रेम्नम पिनॅटमचेच बागेतले वाण आहे, असे मानले आणि काही पुस्तकांत तेही रुजले. २००४ मध्ये पीटर बॉइस यांनी लागवडीतल्या एपिप्रेम्नमांचा आढावा घेताना तिला पुन्हा स्वतंत्र जातीचा मान दिला, आणि तिचे मूळ घर ताहितीशेजारचे मोरेआ बेट असल्याचे मांडले. मोरेआ सॉलोमन बेटांपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर. १८८० चा कागद खोटा ठरला का? नाही. रोप कुठून आले एवढेच तो सांगत होता. ते तिथलेच आहे असा अर्थ वाचणाऱ्यांनी काढला.

ही वेल सहसा फुलत का नाही, हे कोडे २०१६ मध्ये उलगडले. या वेलीत जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे एक जनुक नीट काम करत नाही, असे संशोधकांना आढळले. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर वेल फुलली. आपणहून फुलल्याची शेवटची नोंद त्यांना १९६४ ची मिळाली होती. म्हणजे लिंडेन फुलासाठी थांबला असता, तरी बहुधा थांबूनच राहिला असता. नर्सरीतल्या कुंडीवर आजही त्याने लावलेलेच घराणे दिसते : गोल्डन पोथॉस.