सुरतेची सभा आणि लेखणी

लेखन हा एकांताचा व्यवसाय आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. लेखकाने दार लावून घ्यावे, समोर समई तेवत ठेवावी आणि सरस्वतीच्या कृपेची वाट पाहावी, हे चित्र मनोहर खरे. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर ते टिकत नाही. आम्ही धंद्याने वकील. उमेदवारीच्या काळात ज्येष्ठांच्या तांबड्या शाईतून गेल्यावाचून आमचा एकही मसुदा कोर्टाची पायरी चढला नाही. आज चार वाक्ये नीट जुळत असतील, तर त्याचे श्रेय त्या शाईला आहे. साहित्याच्या प्रांतातही हाच न्याय लागू पडतो, याचा उत्तम दाखला आम्हांस तापीकाठच्या सुरत शहरात सापडतो.

मराठी व्याकरणकार म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० नंतरची काही वर्षे सुरतेच्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे व्याकरण १८३६ सालीच छापले गेले होते. तेथे त्यांचा स्नेह दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी जडला. दुर्गाराम सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी, म्हणजे आपल्याकडील पंतोजी. एक मराठी भाषिक, दुसरा गुजराती. पण दोघांनाही आपल्या भाषेत गंभीर विचार गद्यातून मांडण्याची तळमळ होती. दिनमणिशंकर, दलपतराम भगुभाई आणि दामोदरदास हे आणखी तिघे मिळाले आणि १८४४ साली ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली. पाचांचीही नावे ‘द’काराने सुरू होणारी, हा योगायोग मौजेचा.

या मंडळींची मते आपणां सर्वांस मान्य होतील असे नाही. मूर्तिपूजेविषयी त्यांचा आणि देवळाची घंटा वाजवून आत शिरणाऱ्या आपला मतभेद आहे, व तो राहील. परंतु त्यांच्या कार्यपद्धतीकडे मात्र आदराने पाहिले पाहिजे. सभा रविवारी भरे आणि उघडपणे भरे. जो विचार बोलून दाखवावयाचा, तो शंका काढणाऱ्यांच्या तोंडावर बोलावयाचा. आणि मुख्य गोष्ट ही की, दुर्गाराम सभेतील कामकाज लिहून ठेवीत. कोणी काय प्रतिपादिले, कोणी काय आक्षेप घेतला, याची टिपणे करता करता त्यांची गुजराती भाषा साधी, नेमकी आणि युक्तिवादाला समर्थ झाली. गुजराती आत्मकथनपर गद्याचा आरंभ अभ्यासक या लिखाणात पाहतात. १८७९ साली सुरतेचेच महीपतराम रूपराम यांनी दुर्गारामांचे चरित्र प्रसिद्ध केले, ते याच टिपणांच्या आधारे.

याउलट मुंबईत १८४९ साली निघालेली परमहंस सभा गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास तिचे कागद चोरीस गेले आणि भयाने सभासद पांगले. तिच्या बैठकांतून काय विचारमंथन झाले असेल, ते बहुतांशी त्या चार भिंतींतच राहिले. पुरावा नसला की हक्क सिद्ध होत नाही, हे वकिलास सांगावयास नको.

सुरतेच्या मातीतच हा गुण असावा. १८३३ साली तेथे जन्मलेले कवी नर्मद शिक्षणासाठी मुंबईस आले आणि मित्रांसह त्यांनी बुद्धिवर्धक सभा चालविली. १८५१ च्या सुमारास त्यांनी जो निबंध रचला, तो गुजरातीतील पहिला निबंध मानतात. आणि त्याचा विषय काय, तर मंडळी स्थापन केल्याने होणारे लाभ! १८५८ साली नोकरी सोडून त्यांनी केवळ लेखणीवर जगण्याचे धाडस केले. १८६४ साली ‘डांडियो’ हे पाक्षिक काढले, तेही मित्रमंडळाच्या सहकार्याने.

मंडळी म्हणजे केवळ वाहवा करणारा समुदाय नव्हे, हेही सुरतेनेच शिकविले. नंदशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली कादंबरी १८६६ साली निघाली, आणि पुढच्याच वर्षी नवलराम पंड्या यांनी तिचे परीक्षण केले. लेखक सुरतेचा, टीकाकारही सुरतेचा. गावकऱ्याच्या ग्रंथाचे गुणदोष चारचौघांत तोलणे सोपे नसते. पण गुजराती टीकावाङ्मय त्या धैर्यातून उभे राहिले. नर्मदांचे चरित्रही या नवलरामांनीच लिहिले.

दादोबा १८४६ साली मुंबईस परतले आणि १८८२ साली निवर्तले. त्यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने लोकांसमोर आणण्याचे श्रेय अ. का. प्रियोळकरांचे, १९४७ साली त्यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. प्रियोळकर आपल्या श्रीमंगेश आणि श्रीम्हाळसेच्या सान्निध्यातील प्रियोळचे. लेखकाला समकालीन सोबती लाभतात, तसे मागाहून जन्मलेलेही लाभतात, हे यावरून दिसते. मात्र त्यासाठी आधी कागदावर काही असावे लागते.

आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांतून पुराणे, प्रवचने आणि व्याख्याने होतात. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, प्रसाद वाटला जातो, सतरंज्या गुंडाळल्या जातात. दुसऱ्या दिवशी त्यातील किती शिल्लक राहते? आम्हीही अशा एका मंडपात निबंध वाचला होता. सर्वांनी स्तुती केली. एका वृद्ध गृहस्थांनी तेवढे बाजूस घेऊन सांगितले, ‘‘अर्धा गाळा, म्हणजे उरलेला वाचनीय होईल.’’ त्या दिवशी राग आला. घरी येऊन अर्धा गाळला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. आज ते गृहस्थ नाहीत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गावच्या कितीतरी हकीकती कोणीच टिपून न घेतल्यामुळे त्यांच्याबरोबर गेल्या. त्या ‘कोणीच’मध्ये आम्हीही आहोत.

म्हणून आमची विनंती एवढीच : प्रत्येक मंडपात एक वही असावी, ती लिहिणारा एक तरुण असावा, आणि मराठीत लिहो वा कोंकणीत, त्याचे लिखाण प्रेमाने पण निर्भीडपणे तपासणारे चार वडीलधारे असावेत.