मुलांची अचानक उठणारी पोटदुखी : कारणे आणि निदान

मुलाच्या पोटात अचानक कळ उठते तेव्हा कारण बहुधा साधे असते : बद्धकोष्ठता, जुलाब-उलट्यांचा संसर्ग किंवा सर्दी-तापानंतर पोटातील लसिकाग्रंथींना आलेली सूज. ज्या थोड्या मुलांना तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते, त्यांना यांतून वेळेत वेगळे काढणे हेच निदानाचे खरे काम.

तान्ह्या मुलांत सर्वांत फसवा विकार म्हणजे आतड्यात आतडे शिरणे. साधारणतः 3 महिने ते 3 वर्षे या वयात तो आढळतो. मूल पाय पोटाशी घेऊन किंचाळते, पांढरेफटक पडते. थोड्या वेळाने कळ ओसरते आणि ते शांत होते, कधी खेळूही लागते. 15-20 मिनिटांनी पुन्हा तेच. मधल्या शांततेमुळे हिंगाचा लेप लागू पडला, असे घरच्यांना वाटते आणि मोलाचे तास निघून जातात. रक्त व शेंब मिसळलेली लाल शी ही उशिराची खूण आहे. तिची वाट पाहू नये. सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसले की निदान पक्के होते. मूल वेळेत पोहोचल्यास गुदमार्गाने हवेचा किंवा सलाइनचा दाब देऊन, पोट न उघडता, बहुतेकांचे आतडे पूर्ववत करता येते.

शालेय वयात मुख्य शंका आंत्रपुच्छदाहाची, म्हणजे अपेंडिक्सच्या सुजेची. वेदना बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकते. मूल वाकून चालते, उडी मारायला सांगितल्यास नकार देते. पाच वर्षांखालील मुलांना दुखरी जागा नेमकी सांगता येत नाही, त्यामुळे निदानापूर्वीच अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते. वेदनाशामक दिल्यास निदान चुकते, हा जुना समज मात्र आता टिकलेला नाही. एरंडेल किंवा अन्य रेचक देणे तेवढे टाळावे.

कधी दुखते पोट आणि रोग असतो अन्यत्र. फुप्फुसाच्या खालच्या भागातील न्यूमोनिया किंवा नव्याने उद्भवलेला मधुमेह पोटदुखीच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून छाती तपासणे आणि रक्तातील साखर पाहणे आवश्यक ठरते. मुलग्यांत वृषणाला पीळ पडल्यासही ओटीपोट दुखते, पण संकोचाने मुलगा खरी जागा सांगत नाही. तेथे सुमारे 6 तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण गमावण्याचा धोका वाढत जातो. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाल्यास आतड्याला पीळ पडल्याचे गृहीत धरून, रात्र असली तरी, तत्काळ बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे.