स्वच्छ हवेची किंमत कोणी मोजली?

मुंबईत मोटार टॅक्सी 1911 मध्ये आली. त्यानंतर वाहने बदलली, इंधन बदलले, पण टॅक्सीवाल्याचा प्रश्न बदलला नाही: या बदलाचे पैसे कोणी द्यायचे? गंगापूर रोडवर राहून मुंबईचा हा इतिहास लिहिण्याचे कारण एवढेच, की मुंबईत आधी घडते ते आमच्या नाशिकला मागाहून येते.

धुराविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली. पुढच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. सिलिंडरने डिकी व्यापली, सामान टपावर गेले, पंपांवर रांगा लागल्या. तरीही हा बदल टिकला, कारण गाडी तीच राहिली, फक्त कीट बसवायचे होते. शिवाय सीएनजी पेट्रोलहून स्वस्त असल्याने कीटचा खर्च रोजच्या बचतीतून निघत गेला. नुसत्या हुकमाने हे झाले नसते.

पुढची पायरी अवघड होती. टॅक्सीचे वय 2008 मध्ये 25 वर्षांवर आणि 2013 मध्ये 20 वर्षांवर आणले गेले. आता कीट नव्हे, अख्खी गाडीच नवी घ्यायची, म्हणजे कर्ज आणि हप्ते. शेवटची प्रीमियर पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. लोक गाडीसाठी हळहळले. हप्त्यांची चर्चा फारशी झाली नाही.

न्यायालयांना मात्र या खर्चाची जाणीव होती. दिल्लीच्या प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी दिलेल्या आदेशात रिक्षा-टॅक्सी बदलण्यासाठी आर्थिक सवलतींचाही उल्लेख होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्यावर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे धोरण आखण्यासही सरकारला सांगितले.

मदत दिली तरी ती पोहोचते कुणाकडे, हाही प्रश्न आहेच. कोरोनाकाळात, एप्रिल 2021 मध्ये, राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना 1,500 रुपये जाहीर केले. पण परवाना एकाचा आणि पाळीवर गाडी चालवणारा दुसरा, हे रिक्षात आहे तसेच टॅक्सीतही आहे. परवाना पाहून दिलेली मदत त्या दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जात नाही.

आता विजेवरच्या टॅक्सीची पाळी आली आहे. ती यायलाच हवी; दिवसभर धूर गिळतो तो टॅक्सीवालाच. पण हवा सगळ्यांची असेल तर खर्चही सगळ्यांचा हवा. आपल्या समाजात मेहनतीवर रोजी कमावणारे चालक थोडे नाहीत, आणि व्याजाच्या कर्जाला अनेकांचे मन धजत नाही. अशांसाठी बिनव्याजी कर्जाची सोय सरकारकडे मागावी, आणि आपल्या पतपेढ्या व जमातींनीही त्यात आपला वाटा उचलावा. हप्ता सुरू होण्याआधी हे झाले, तरच त्याचा उपयोग.