उलट्या 'त'चा 'ट'

मंगोल भाषेला ट, ठ, ड, ण लागतच नाहीत. तरीही मंगोल सम्राट कुब्लाईखानाच्या राजलिपीत ही चार अक्षरं आली, ती संस्कृत मंत्रांसाठी.

साम्राज्यातल्या सगळ्या भाषांना एकच लिपी असावी, अशी कुब्लाईची इच्छा होती. त्याचा तिबेटी गुरू फाग्स-पा यानं तिबेटी लिपीवरून ती बेतली आणि १२६९ मध्ये फर्मान निघून ती जारी झाली. वळण चौकोनी, लिहायची वरून खाली. तिबेटी लिपी मुळात आपल्याच ब्राह्मी घराण्यातली. संस्कृत ग्रंथ उतरवताना तिबेटी पंडितांना 'ट' हवा होता, म्हणून त्यांनी 'त' आरशात दिसावा तसा फिरवला. फाग्स-पाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या लिपीतही हीच युक्ती उचलली गेली.

पण त्यातून एक पेच उभा राहिला. या लिपीत अक्षरं उजवीकडच्या उभ्या दांड्यानं एकमेकांना जोडली जातात. 'त' उलटला की दांडा डावीकडे जातो. मग पुढचा इकार-उकारही उलटा काढावा लागतो, नाहीतर सांधा जुळत नाही. बीजिंगजवळ जूयोंग खिंडीतल्या दगडी कमानीवर १३४५ मध्ये सहा लिप्यांत मंत्र कोरले गेले. त्यातल्या फाग्स-पा मजकुरात ही उलटापालट दिसते.

१३६८ मध्ये कुब्लाईच्या घराण्याची युआन सत्ता गेली आणि लिपीचा राजाश्रय संपला. अँड्र्यू वेस्ट या अभ्यासकाच्या प्रस्तावामुळे ती २००६ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत आली, ५६ चिन्हांसह. उलटा 'त' हे स्वतंत्र अक्षर ठरलं. त्याचा क्रमांक ए८६९. उलट्या इकाराला मात्र वेगळा क्रमांक नाही. संदर्भ पाहून फॉन्टनंच तो फिरवायचा. कोरणाऱ्यानं भलतीकडे वळवला असेल, तर एक अदृश्य चिन्ह जोडून तसं नोंदवायचं. मला हा निवाडा अगदी योग्य वाटतो. 'राम', 'कर्म' आणि 'क्रम' यांतला 'र' तीन रूपांत दिसतो, पण संगणकाला तो एकच असतो, म्हणून तर शोधला की सापडतो.

आपल्या मोडी लिपीचाही असाच प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी लिहिला होता. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. मोडी कागदांचं देवनागरी लिप्यंतर करणाऱ्यांनी मूळ मोडी पाठही त्याच्या शेजारी टंकून ठेवावा, म्हणजे तोही असाच शोधला की सापडेल.