गोटी सोड्याची कुळकथा

गोटी सोड्याच्या बाटलीला ना बूच, ना पत्र्याचं झाकण. काचेची एक गोटी आणि गळ्यातली रबरी चकती, एवढाच बंदोबस्त. बाटली उलटी धरून भरली की गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि आतला गॅस तिला चकतीवर दाबून धरतो. म्हणजे दार लावतो तो गॅसच! दाब पुरेसा नसेल तर गोटी खाली पडते. ग्वाल्हेरच्या महाराजबाड्यावर ज्याला बंटा म्हणतात त्या सोड्याची अगदी फुसकी बाटली गिऱ्हाईकाच्या हाती पडण्याआधीच स्वतःची चुगली करते.

या गॅसचं माहेर मात्र बिअरच्या कारखान्यात. १७६७मध्ये इंग्लंडातल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला गेला. आंबणाऱ्या पिंपांवर तरंगणारा वायू त्याने पाण्यात मुरवला आणि १७७२मध्ये त्याची कृती छापून टाकली. पैसा कमावला तो दुसऱ्यानेच: जिनिव्हाच्या श्वेप्पने १७८३मध्ये धंदा मांडला आणि १७९२मध्ये तो लंडनला नेला.

गॅस भरणं जमलं, कोंडून ठेवणं जमेना. बूच वाळलं की आक्रसतं आणि गॅस निसटतो. म्हणून कुणी बाटलीचा बुडखाच गोल केला; ती उभी राहूच शकत नाही, आडवी पडते आणि बूच ओलं राहतं. उपाय विनोदी, पण बिनतोड. मग १८७२मध्ये हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. तिच्या गळ्यातल्या दोन खाचा ओतताना गोटी अडवून धरतात. बाटली चुकीच्या बाजूने कलवली की धार तुटते, हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

हिंदुस्थानात सोडा वाढला तो गोऱ्यांच्या छावण्यांच्या आणि पारशी उद्योजकांच्या आधाराने. मुंबईत पालनजी १८६५चे, पुण्याच्या कॅम्पातले अर्देशीर १८८४चे. ग्वाल्हेरजवळच्या मुरारलाही १८८६पर्यंत इंग्रजी छावणी होती. इथला उन्हाळा सोड्याचा वैरीच. २० अंशांवर एक लिटर पाण्यात साध्या दाबाला सुमारे ०.८८ लिटर गॅस मुरतो, ४० अंशांवर जेमतेम ०.५३. त्यामुळे तापलेली बाटली उघडली की गॅस भसकन उडून जातो आणि पेल्यात उरतं नुसतं पाणी. त्यात काळं मीठ टाकलं की उरलासुरला गॅसही फेसाबरोबर जातो.

१८९२मध्ये विल्यम पेंटरचं दातेरी पत्र्याचं झाकण आलं आणि विलायतेत गोटी हळूहळू मागे पडली. आपल्याकडे ती टिकली. ग्वाल्हेरहून आग्र्यापलीकडे, हाथरसजवळच्या सासनीत या बाटल्या घडत आल्या आहेत.

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या वाट्याला पेंटरचं झाकण येतं, आणि ते चुगली करत नाही. तिथे गॅस भरत नाहीत. बाटलीबंद करताना लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालतात आणि यीस्ट ती खाऊन गॅस सोडतं. बिअर फुसकी निघाली तर आधी चव घ्यावी. गोडसर लागली, तर यीस्टचं काम उरलंय. बाटल्या २० अंशांच्या आसपास आणखी आठवडा-दोन आठवडे ठेवाव्यात. गोडवा संपूनही फेस नसेल, तर बहुधा झाकणाची कड नीट बसलेली नसते किंवा साखरच कमी पडलेली असते. घाईघाईने वरून साखर ओतणं मात्र धोक्याचं, कारण दाब हाताबाहेर गेला तर बाटलीच फुटते.